तीन फुटांचा आजार

महादेवाला बुडवायचं सगळ्यांचं ठरलं, फक्त पाणी नव्हतं.

तळेहिप्परग्याचा रिवाज जुना. पाऊस रुसला की तळ्याच्या पाळूवरचा महादेवाचा गाभारा कोंडायचा, उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा आणि पिंड बुडेस्तोवर घागरीवर घागरी ओतायच्या. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो, इतकं सरळ काम. पूर्वी तळं देवळाच्या पायाशीच असायचं. बाया वाकायच्या आणि भरली घागर घेऊन वर यायच्या. यंदाच्या मे महिन्यात मात्र लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि तळेहिप्परग्याच्या तळ्यात मन्मथ गोल्फ खेळत होता.

मन्मथ म्हणजे मूळच्या इथल्याच, आता उदगीरच्या वीरण्णा डाळमिलवाल्यांचा एकुलता एक मुलगा. वय तेहतीस, व्यवसाय गोल्फ. या व्यवसायाच्या खोलात घरात कुणी शिरत नसे. इंजिनिअरिंगला पुण्यात असताना तो वसतिगृहाची भिंत ओलांडून पलीकडच्या गोल्फच्या मैदानात क्रिकेटचा चेंडू आणायला गेला होता. तो अजून परत आलेला नाही, असं बसलिंगप्पा काका पाहुण्यांना सांगायचे.

नऊ वर्षांत एकशे बारा स्पर्धा झाल्या. गोल्फच्या स्पर्धेत दोन दिवस खेळ झाला की मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. घरी जायची मन्मथला लहानपणापासून आवड होतीच. यंदा त्याचं खेळायचं कार्डही गेलं. ते परत मिळवायला बुधवारी बंगळुरूला पात्रता फेरी होती आणि सोमवारी बीदरहून गाडी. ती चुकली की वर्ष गेलं. आणि तेहतिसाव्या वर्षी वर्ष गेलं की सगळंच गेलं.

सरावाला हिरवळ कुठून आणणार? लातूरच्या एसटीत शेजारच्या माणसानं एकदा विचारलं होतं, "काय करता तुम्ही?" हातात रिकामी कळशी घेऊन बसलेल्या माणसाला आपण रोज लाखो लिटर पाणी पिणाऱ्या गवतावर खेळतो हे सांगायचं मन्मथच्या जिवावर आलं. "ठिबक सिंचनात आहे," तो म्हणाला आणि पुढचे दोन तास त्याला तुषार सिंचनावरच्या शंकांना उत्तरं द्यावी लागली.

मग तो थेट तळ्यातच उतरला. तळ आटून, भेगाळून, उन्हानं कडक झाला होता. वाळूत मिलमधलं जळकं ऑइल कालवून त्यानं चार गुळगुळीत काळे चौथरे केले, प्रत्येकात ग्रीसचा रिकामा डबा पुरला आणि तुराटीला फडकं बांधून झेंडे रोवले. मराठवाड्यात असं मैदान दुसरं नव्हतं. दुष्काळ मानवलेला तालुक्यात हा एकच इसम. रोज सराव झाला की तो पाळूवर येऊन पावसासाठी मनापासून हात जोडायचा. त्यात फक्त तारीख घातलेली असायची: बुधवारनंतर.

तर त्या रविवारी सकाळी सगळं खानदान पाळूवर जमलं. प्रत्येकानं आपापलं पाणी आणायचं ठरलं होतं. उदगीरहून टेम्पो आला. नांदेडहून मन्मथची थोरली बहीण शिवकन्या अक्का आली ती वीस लिटरचा कॅन एसटीत मांडीवर धरून, वर अर्धापूरच्या केळीची फणी खांद्याला अडकवून.

"कंडक्टर म्हणला, बाई, पाण्याचं तिकीट काढा," अक्का घाम पुसत म्हणाली. "मी म्हणलं, देवाला बुडवायला चाललंय. तर तो म्हणला, मग परतीचं काढू नका."

सभामंडपात सतरंजी पडली. खरं तर बैठक देवासाठी नव्हतीच, मन्मथसाठी होती. अप्पांनी म्हणजे वीरण्णांनी रुमाल सोडून मांडीवर ठेवला. अप्पा एरवी मन्मथच्या बाजूचे. नऊ वर्षं काकांनी 'काठीवाला' म्हणून हिणवलं आणि नऊ वर्षं अप्पा म्हणत आले, खेळू दे. आज ते खाली बघत म्हणाले,

"झालं आता. सोमवारपासून मिलवर ये. बाजारात बोलीला तूच उभारायचं."

मन्मथला वाटलं, आता काका टाळी देणार. काका उठले ते अप्पांवरच घसरले.

"असं कसं, अण्णा? पोराचं करिअर हाय!"

हा शब्द काकांच्या तोंडून यापूर्वी फक्त निंदेसाठी निघाला होता.

"बसलिंग," अप्पा म्हणाले, "परवापत्तोर तू याला काठीवाला म्हणत होतास."

"म्हणत होतो. तवा आपुन तालुका होतो."

"आताबी तालुकाच हाव."

"कागदावर. मनानं न्हाई."

काका उदगीर जिल्हा कृती समितीचे कार्यवाह होते. नवा जिल्हा होणार, ही बातमी काकांना दर आठवड्याला खात्रीलायक सूत्रांकडून कळायची. समितीचे अध्यक्ष हणमंतराव, निवृत्त मुख्याध्यापक, निवेदनाची फाईल घेऊन खास आज आले होते. त्यांनी चष्मा लावला.

"निवेदनात आपण सगळं दिलं आहे. जागा, रेल्वे, बाजारपेठ. फक्त 'नामवंत व्यक्ती' हे कलम अशक्त आहे. तीन नावं आहेत आणि त्यातल्या दोन व्यक्ती दिवंगत आहेत."

"तिसरे बी दवाखान्यात हायत," काका म्हणाले. "म्हणून म्हणतो, मन्मथ पायजे."

"आंतरराष्ट्रीय असतील तर उत्तम," हणमंतराव म्हणाले.

"मी एकदा श्रीलंकेत खेळलोय," मन्मथ म्हणाला.

"झालं की! लिवा, सर."

"पण कट चुकला होता, काका."

"इमान तर न्हाई ना चुकलं?"

अव्वा, म्हणजे मन्मथची आई शिवगंगाबाई, आतापर्यंत घागरी मोजत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मिलवाला म्हणलं की पोरगी मिळती. गोल्फवाला म्हणलं की लोक इचारत्यात, कंपनी कुठली?"

"माझ्या सासरी इचारतात भाऊ काय करून राहिला," अक्का म्हणाली. "मी सांगते, फिरतीची नोकरी हाय." मग एकदम तिचा सूर पालटला. "पण अप्पा, निवेदनात नाव आलं तर मला नीट सांगता येईल की. जाऊ दे याला बंगळूरला."

एका मिनिटात घराचे दोन गट पडले होते, आणि मन्मथ बघतो तर जन्माचे विरोधक त्याच्या बाजूला आणि जन्माचा पाठीराखा समोर. एवढी उलथापालथ लातूरच्या राजकारणातही व्हायला निवडणूक लागते.

हणमंतरावांनी फाईल मिटली. "माझं एक म्हणणं आहे. न बघता मी नाव लिहीत नाही. मुख्याध्यापक असताना तोंडी परीक्षेशिवाय मी कुणाला वरच्या वर्गात घातलं नाही."

"घ्या की परीक्षा!" काका म्हणाले. "तळ्यात सगळं तयार हाय. अण्णा, जमलं तर पोरगा बंगळूरला. न्हाई जमलं तर उद्या मिलवर. मान्य?"

अप्पांनी मांडीवरचा रुमाल सारखा केला. "मान्य."

"आणि सर, लांबचं कायबी नको," काका हणमंतरावांकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा पुतण्याची बाजू घेतली होती, ती त्यांना पुरती घ्यायची होती. "लांबचं मारलं तर कुणाला दिसणार? मी सोता दोरीनं मापून देतो. तीन फूट! डब्यात निस्ता ढकलायचा. शेंबडं पोरबी घालील." आणि त्यांनी मन्मथला डोळा मारला.

दोनशे ऐंशी यार्ड म्हणाले असते तर तो नाचत गेला असता. काकांनी जगातल्या सगळ्या अंतरांतून नेमकं ते एक निवडलं होतं.

तेवढ्यात देवळात पूजा करणाऱ्या स्वामींनी घंटा वाजवली. रिवाजाप्रमाणे थोरल्या घरच्या बाप-लेकानं गाभाऱ्यात बसून पाणी बाहेर जायची मोरी दाबून धरायची असते. शेणमातीनं आणि फडक्यानं बुजवली तरी ती पाझरते. अप्पा आणि मन्मथ धोतर खोचून आत शिरले. बाहेर बांध घातला गेला. वरून पहिली घागर आली, आणि बाप-लेक पिंडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसून, मोरीवर एकावर एक हात ठेवून भिजू लागले.

"हात हलवू नको. निसटंल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ती परीक्षा नको म्हणा."

"का? तीनच फूट तर हाय."

"तीनच फूट जमत न्हाई मला."

अप्पांनी मान वर केली. त्याच वेळी अक्काचं नांदेडचं पाणी त्यांच्या मानेवर आलं.

"लांबून मी बरोबर आणतो," मन्मथ म्हणाला. पिंडीसमोर खोटं बोलणं अवघड, आणि बापाच्या हातावर हात असताना त्याहून अवघड. "चौघांत तिघं आणतात त्याच्यापेक्षा जवळ आणतो. तीन फुटांवर आलं की उजवा अंगठा माझं ऐकत न्हाई. थरथरतो. चेंडू डब्याच्या कडंला जाऊन बसतो."

"कवापासून?"

"पाच वर्षं."

"भुवनेश्वरला वारं होतं म्हणालास."

"वारं नव्हतं."

"कोलकत्त्याला गवत वाढलं होतं म्हणालास."

"गवत लई चांगलं होतं, अप्पा."

पाणी घोट्यांच्या वर आलं होतं. अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "कुठला अंगठा म्हणालास?"

"उजवा."

"माझाबी उजवाच."

मन्मथनं मोरीवरच्या दोन्ही हातांकडं पाहिलं.

"आमच्या वेळी अडतीत सौदा रुमालाखाली व्हायचा," अप्पा सांगू लागले. "वर रुमाल, खाली एकमेकांची बोटं धरायची. तुरीचा भाव बोटांनीच ठरायचा, तोंडानं एक शब्द न्हाई. बाजूच्याला कायबी दिसायचं न्हाई. पण धरणाऱ्याला कळायचं. मोठा सौदा आला की माझा अंगठा थरथरायचा. एकदा बीदरच्या एका शेटनं रुमालाखाली हात धरूनच इचारलं, वीरण्णा, ताप हाय का? भर बाजारात. दुसऱ्या दिवसापासून मी बसलिंगला पुढं केलं. बावीस वर्षं झाली. लोक म्हणतात, वीरण्णा मोठा माणूस, सोता बाजारात उतरत न्हाई."

"आणि आता?"

"आता रुमाल गेला, उघड बोली आली. म्हणजे सगळ्यांनाच हात दिसणार. बसलिंग तर जिल्हा मागत हिंडलालाय. बोलीला उभारायचं कुणी? म्हणून तुला बोलवलं."

मन्मथनं हिशेब लावून पाहिला. "म्हणजे थरथरणाऱ्या हाताच्या जागी दुसरा थरथरणारा हात?"

"तुझा तसा हाय हे मला काय ठाव?" अप्पा चिडून म्हणाले. मग दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता हात हलले, मोरी सुटली आणि बोटभर पाणी भसकन निघून गेलं.

"काय करलालाव आत?" काका बाहेरून ओरडले.

त्या बोटभर पाण्यानंच घोळ केला. घागरी संपल्या, कॅन संपले, टेम्पोच्या रेडिएटरसाठी ठेवलेला डबाही संपला, तरी पिंडीचा माथा तेवढा वर राहिला. सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी हणमंतरावांनी पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली काढली, तिच्याकडं एकदा तहानेनं पाहिलं आणि ओतली. देव बुडाला.

"आता तळ्यात चला," काका म्हणाले.

काळ्या चौथऱ्याभोवती सगळे गोल करून उभे राहिले. काकांनी दोरी लावली, अंतर मापलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं वाटून चेंडू वीतभर पुढं सरकवला. हणमंतरावांनी तो परत मागं ठेवला. अप्पा ओल्या धोतरानं उभे होते.

मन्मथ वाकला. डबा परातीएवढा दिसायला हवा होता, तो सुईच्या नेढ्याएवढा दिसत होता. त्यानं श्वास सोडला. अंगठ्याला मनातल्या मनात हात जोडले. आणि ढकलला.

चेंडू सरळ गेला, डब्याच्या कडेवर चढला, आत डोकावल्यासारखा करून कडेनं अर्धा फेरा मारला आणि बाहेर येऊन थांबला.

वर एक घार ओरडली.

आता वारं म्हणता आलं नसतं, पानही हलत नव्हतं. गवत म्हणता आलं नसतं, तालुक्यातच नव्हतं. "मला जमत न्हाई," मन्मथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाच वर्षं हेच हुकतंय. तुम्हाला खोटं सांगत आलो."

सगळ्यांत आधी अव्वा बोलल्या. "आत जाऊन आला की तो! मी बघितलं. हे धरत न्हाईत?"

"न्हाई, अव्वा."

"मग त्यांच्या कायद्यातच खोट हाय."

"एवढ्याशानं घरी पाठवतात व्हय तुला?" अक्का पुढं झाली. नऊ वर्षं तिनं भावाचं हरणं फक्त फोनवर ऐकलं होतं. किती अंतरानं हरतात हे आज दिसलं. "आण इकडं ती काठी. मी दाखवते." तिनं पदर खोचला आणि ढकलला. चेंडू डब्याला टाळून थेट काकांच्या चपलेला लागला.

"तुला धरताच येईना," काकांनी काठी हिसकली. त्यांनी विटी मारल्यासारखा पवित्रा घेतला. चेंडू डब्यावरून उडून गेला. "जागाच तिरकी हाय ही! परत!" परत मारला. मग आणखी एकदा.

हणमंतराव म्हणाले, "हा साधा भूमितीचा प्रश्न आहे." त्यांनी गुडघा टेकून कोन पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला, चष्मा पुसून पाहिला आणि फूटभर डावीकडं घातला. त्यानंतर ते बाजूला जाऊन बराच वेळ तळ्याच्या भेगा बघत राहिले.

टेम्पोवाल्या भुजंगानं एक घालवला, स्वामींनी "शिवशिव" म्हणत एक घालवला. जेवायची वेळ टळली तरी खानदान रांगेत होतं. जो तो काठी हातात घेईपर्यंत शहाणा होता.

शेवटी अप्पांनी हात पुढं केला.

"राहू दे, अप्पा," मन्मथ हळूच म्हणाला. तो का म्हणाला हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

अप्पांनी काठी घेतली. उन्हात सगळ्यांना स्पष्ट दिसलं: अंगठा थरथरत होता. काकांचं तोंड उघडं राहिलं. बावीस वर्षं ज्याच्या वतीनं बाजारात उभे राहिले त्या भावाचा हात ते पहिल्यांदा बघत होते. अप्पांनी घाई केली नाही, लपवलंही नाही. ढकलला. हुकला. चांगला दोन हात बाजूनं गेला.

"हं," अप्पा म्हणाले आणि काठी मन्मथला परत दिली. "बसलिंग, उद्या बाजारात बोलीला मी उभारतो."

"तू? अण्णा, तुझा हात..."

"सगळ्यांनी बघितला की आता. राहिला कोण? बीदरचा शेट तर मेलाबी." त्यांनी रुमाल झटकून डोक्याला बांधला. "हा जाऊ दे बंगळूरला."

"पण परीक्षेत नापास झाला की," काका सवयीनं म्हणाले, आणि मग आपण कुणाच्या बाजूला आहोत हे आठवून गप्प बसले.

हणमंतराव भेगांवरून परत आले होते. त्यांनी फाईल गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "'गोल्फ या क्रीडाप्रकारात यशस्वी...' नको." खोडलं. "'अत्यंत अवघड अशा क्रीडाप्रकारात गेली नऊ वर्षे तग धरून असलेले.'"

"हे बरोबर," अक्का म्हणाली. "हे सासरी सांगता येईल."

मग गाडीवरून भांडण सुरू झालं. काकांचं म्हणणं, बीदरपर्यंत टेम्पोनं सोडू, समितीचा फलक लावून. भुजंग म्हणाला, रेडिएटर देवाला वाहिलाय, टेम्पो उदगीरपर्यंत पोचला तरी मिळवलं. अप्पा म्हणाले, एसटी काय वाईट हाय? अक्का म्हणाली, एसटीत काठ्यांचं तिकीट काढावं लागेल, कंडक्टर माझ्या ओळखीचा झालाय. सगळे एकदम बोलत होते आणि मन्मथकडं सगळ्यांचीच पाठ होती.

तो एकटाच चौथऱ्यावर राहिला होता. पायाशी चेंडू, समोर डबा, मधे काकांची दोरी अजून तशीच ताणलेली.

"मन्मथा," अव्वा लांबून ओरडल्या, "कडक भाकरी किती बांधू रे? शेंगाची चटणी कोरडी देऊ का तेलातली?"

"बारा बांध," तो चेंडूमागं काठी टेकवत म्हणाला. "आणि चटणी कोरडीच दे, अव्वा, मागच्या वेळी तेल सगळं सदऱ्याला..."

डब्याच्या तळाशी चेंडू खण्णकन वाजला.

"सदऱ्याला काय?" अव्वांनी विचारलं.